एकदा चोरी झालेल्या घरात चोर पुन्हा का येतो?

‘बंद घराचा कडीकोयंडा उचकटून अज्ञात चोरट्यांनी ऐवज लांबवला’ अशी बातमी आली की सोसायटीत दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. पहिले, ‘हा भाग आता राहण्यालायक उरला नाही.’ दुसरे, ‘एकदा येऊन गेला, आता चोर इकडे कशाला फिरकतोय?’ दोन्ही चूक आहेत, पण दुसरे जास्त घातक आहे, कारण त्यामुळे माणूस नेमक्या धोक्याच्या दिवसांत निर्धास्त होतो.

पहिल्याचे थोडक्यात सांगतो. गुन्हे ‘भागात’ पसरलेले नसतात, ते मोजक्या पत्त्यांवर साचतात. अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरात गुन्हेशास्त्रज्ञ लॉरेन्स शर्मन आणि सहकाऱ्यांनी पोलिसांना आलेले फोन पत्त्यांनुसार लावले तेव्हा सुमारे 3 टक्के पत्त्यांवरून निम्मे फोन आल्याचे दिसले (1989). शिवाय एका वस्तीतले आकडे लहान असतात. वर्षाला सरासरी 9 घरफोड्या होणाऱ्या वस्तीत, काहीही बदललेले नसताना, एखाद्या वर्षी 6 आणि पुढच्या वर्षी 12 होऊ शकतात. सरासरीच्या वर्गमूळाइतका (इथे 3) चढउतार निव्वळ योगायोगाचा असतो. ‘गुन्हेगारी दुप्पट’ हा मथळा अशा आकड्यांवर टिकत नाही.

आता चोर परत येतो त्याविषयी. इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळच्या रॉचडेल इथे कर्कहोल्ट नावाची सुमारे सव्वादोन हजार घरांची वसाहत आहे. 1980च्या दशकाच्या मध्यावर तिथे वर्षाला साधारण चारातल्या एका घरामागे घरफोडी होत होती. गुन्हेशास्त्रज्ञ केन पीझ आणि सहकाऱ्यांनी नोंदी तपासल्या. एकदा फोडलेले घर पुन्हा फोडले जाण्याचा धोका, न फोडलेल्या घराच्या चौपटीहून जास्त निघाला. म्हणून सगळ्या वसाहतीला कुलपे वाटण्याऐवजी नुकत्याच फुटलेल्या घरांवर भर दिला. नाणी टाकून चालणारे वीज-गॅसचे मीटर काढले (चोर त्यातली रोकड नेत), दारे-खिडक्या मजबूत केल्या आणि आजूबाजूच्या सहाएक घरांना त्या घरावर लक्ष ठेवायला सांगितले. तीन वर्षांत घरफोड्या सुमारे 75 टक्क्यांनी घटल्या.

पण चोर परत का येतो? दोन शक्यता आहेत. एक, ते घरच सोयीचे आहे: आडबाजूला, मागच्या खिडकीला गज नाही. तिथे कोणीही चोर कधीही येईल. दोन, पहिल्या चोरीनेच दुसरीची वाट मोकळी केली: आतली मांडणी कळली, काय मागे राहिले ते पाहून ठेवले, साथीदारांना सांगितले. या दोन्ही शक्यता वेगळ्या करण्याची पद्धत अतिशय सुंदर आहे, आणि ती पोलिसांकडून आलेली नाही, साथरोगशास्त्रातून आली आहे.

1964 साली जॉर्ज नॉक्स हे लहान मुलांचा रक्ताचा कर्करोग सांसर्गिक आहे का ते शोधत होते. त्यांच्याकडे 96 रुग्ण होते. प्रत्येकाची प्रत्येकाशी जोडी लावली तर 96 × 95 ÷ 2 = 4560 जोड्या होतात. त्यांपैकी 152 जोड्या वेळेने जवळच्या होत्या, म्हणजे साठ दिवसांच्या आतल्या. 25 जोड्या अंतराने जवळच्या होत्या, म्हणजे एक किलोमीटरच्या आतल्या. वेळ आणि जागा यांचा एकमेकांशी संबंध नसेल, तर दोन्हींत बसणाऱ्या जोड्या किती असाव्यात? 152 × 25 ÷ 4560, म्हणजे 0.83. प्रत्यक्षात 5 निघाल्या, म्हणजे योगायोगाच्या अंदाजापेक्षा बऱ्याच जास्त.

हीच रीत घरफोड्यांना लावा. 100 घरफोड्यांच्या 4950 जोड्या होतात. प्रत्येक जोडीचे अंतर आणि दिवसांतला फरक काढून तक्ता भरायचा. मग घरांचे पत्ते जागच्या जागी ठेवून तारखा पिसायच्या आणि तक्ता पुन्हा भरायचा. असे संगणकावर 999 वेळा करायचे. पिसल्यावरही प्रत्येक घराच्या वाट्याला चोऱ्या तितक्याच राहतात, त्यामुळे ‘घरच सोयीचे’ हा परिणाम दोन्हीकडे सारखा असतो. तरीही पिसलेल्या तक्त्यांपेक्षा खऱ्या तक्त्यात ‘जवळ आणि लगेच’चा रकाना जड निघाला, तर धोका पहिल्या चोरीतून पसरतो आहे. इंग्लंडमधील लिव्हरपूल परिसरातील नोंदींवर शेन जॉन्सन आणि केट बॉवर्स या संशोधकांना हेच दिसले: घरफोडीनंतर एक-दोन महिने, 300 ते 400 मीटरपर्यंत धोका वाढलेला असतो, आणि रस्त्याच्या त्याच बाजूच्या घरांना जास्त. एकाच नकाशाची घरे असतील तर एक घर पाहिले की सगळी पाहिल्यासारखीच.

गणित बिघडते ते नोंदीमुळे. शुक्रवारी संध्याकाळी सातला कुलूप लावले, सोमवारी सकाळी सातला तुटलेले दिसले. मधल्या 60 तासांत चोरी कधी झाली? अशा वेळी प्रत्येक तासाला एक-साठांश वजन देतात. गुन्हा दाखल झाल्याची तारीखच घटनेची मानली तर सगळे सरकते. उंच इमारतीत नकाशावरचे अंतर शून्य दिसते, मजले बारा असतात. आणि मधल्या काळात शेजारी नवी टॉवरची वसाहत भरली, तर तिथल्या चोऱ्या नंतरच्याच तारखांच्या असणार. पिसण्याची रीत त्याला पसरणे समजून फसते.

2011 मध्ये कॅलिफोर्नियातील गणितज्ञांनी भूकंपानंतरच्या धक्क्यांची समीकरणे लॉस एंजेलिसच्या घरफोड्यांना लावली. कल्पना पक्की होती. पण तिच्यावर बेतलेली संगणकप्रणाली ‘गुन्ह्याचे भाकीत’ म्हणून विकली गेली आणि 2020 मध्ये त्या शहराच्या पोलिसांनी ती वापरणे बंद केले. जिथे गस्त जास्त तिथे नोंदी जास्त, आणि नोंदी जास्त म्हणून पुन्हा तिथेच गस्त, हा धोका अशा यंत्रणेत असतोच. आपल्याकडे मात्र चोरीनंतर वास्तुदोष शोधतात, अमावस्येला बोल लावतात. अमावस्या साडेएकोणतीस दिवसांनी येते, म्हणजे 100 चोऱ्यांपैकी तीन-चार त्या रात्री योगायोगानेच पडणार. वास्तुशांतीचा खर्च कडीकोयंड्यावर करा.

तोही त्याच दिवशी. उचकटलेल्या जागी तोच कोयंडा पुन्हा ठोकू नका. लाकूड फाटलेले असते, स्क्रू पकडत नाही. जागा बदला आणि दारातून आरपार जाणारे, आतून नटाने आवळलेले बोल्ट वापरा. वरखालचे, समोरचे आणि शेजारचे मिळून सहा घरांना सांगा, आणि पुढच्या सहा आठवड्यांत ज्या रात्री घर रिकामे राहणार असेल, ते त्यांना आधी कळवा. कॅमेऱ्याचे जुने चित्रण नव्याखाली पुसले जाते, म्हणून ते लगेच उतरवून घ्या. फिर्यादीत दोन वेळा लिहून द्या: कुलूप शेवटचे कधी शाबूत पाहिले, आणि तुटलेले प्रथम कधी दिसले.