नखाची टिचकी आणि पोलादी नळी

साताऱ्यात गोडोलीतल्या एका मित्राच्या ओसरीवर गेल्या महिन्यात सायकलची एक फ्रेम भिंतीला टेकवून ठेवलेली होती. चाकं नाहीत, हँडल नाही, नुसता सांगाडा. हार्डटेल माउंटन बाइकची पोलादी फ्रेम, म्हणजे पुढे सस्पेन्शन फोर्क बसवायचा आणि मागचं चाक थेट फ्रेमला, मधे स्प्रिंग नाही. मित्राला ती विकत घ्यायची होती. त्याचे प्रश्न दोनच होते: वजन किती भरेल, आणि कास-बामणोलीसारख्या दिवसभराच्या राइडला चालेल का?

वजनकाटा हाताशी नव्हता. मी वरच्या नळीवर हँडलच्या बाजूने नखाने टिचक्या मारत गेलो. सांध्याजवळ आवाज आला बद्द, ‘टक्’. साताठ बोटं मागे सरकल्यावर तो एकदम उघडला: ‘टिंग’. पुढे बराच वेळ टिंग, आणि सीटजवळ पोहोचल्यावर पुन्हा टक्. मित्राला वाटलं नळीत काहीतरी भरलंय. भरलेलं काहीच नव्हतं. नळीची जाडीच मधे बदलली होती.

अशा नळीला ‘बटेड’ म्हणतात. बाहेरून व्यास एकसारखा असतो, पण आतून भिंत टोकांना जाड आणि मधे पातळ असते. चांगल्या हलक्या फ्रेममध्ये टोकाला ०.८ मि.मी. आणि मधे ०.५ मि.मी. जाडी सर्रास असते. आपलं एटीएम कार्ड ०.७६ मि.मी. जाड असतं. म्हणजे जाड टोकसुद्धा कार्डाएवढंच, आणि मधला भाग त्याच्या दोनतृतीयांश. एवढ्या पातळ पत्र्यावर सत्तर-ऐंशी किलोचा माणूस यवतेश्वर घाट चढतो आणि उतरतो, याचं मला अजूनही नवल वाटतं.

अशी रचना का, ते फ्रेमवर बळ कसं पडतं हे पाहिलं की कळतं. पुढचं चाक खड्ड्यात आदळलं की वाकवणारा ताण सगळ्यात जास्त येतो तो नळीच्या टोकांना, सांध्याशी. त्याच जागी वेल्डिंगच्या उष्णतेने पोलादाचा कस थोडा कमी झालेला असतो. तिथे जाडी हवीच. मधल्या भागावर त्या मानाने ताण कमी, मग तिथलं पोलाद नुसतं ओझं. हिशेब करून बघा: २८.६ मि.मी. व्यासाच्या नळीची भिंत ०.८ ची असेल तर एक मीटरचं वजन सुमारे ५५० ग्रॅम, ०.५ ची असेल तर सुमारे ३५० ग्रॅम. मधला चाळीस सेंटिमीटरचा भाग पातळ केला की एका नळीत ऐंशी ग्रॅम वाचले, आणि ताकदीला धक्का नाही.

ही युक्ती जुनी आहे. बर्मिंगहॅमच्या खिळे बनवणाऱ्या रेनॉल्ड्स घराण्यातल्या आल्फ्रेड रेनॉल्ड्स यांनी १८९७ मध्ये अशा नळीचं पेटंट घेतलं. त्याच्या नऊच वर्षं आधी, १८८८ मध्ये, किर्लोस्कर बंधूंनी बेळगावात सायकलींचं दुकान काढलं होतं. त्यांच्यातल्याच लक्ष्मणरावांनी १९१० मध्ये आपल्या शेजारी, आजच्या सांगली जिल्ह्यात, किर्लोस्करवाडी वसवली. आपल्या भागातल्या कारखानदारीची मुळं सायकलीच्या दुकानापर्यंत जातात, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

आता पोलादाबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज. ‘महागडं पोलाद जास्त लवचिक असतं, म्हणून फ्रेम मऊ चालते’ असं सायकलवाल्यांच्या गप्पांत नेहमी ऐकू येतं. यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते: ताठपणा आणि ताकद. नळी वाकवायला किती जोर लागतो हा ताठपणा. किती जोर लावल्यावर ती कायमची वाकते किंवा तुटते ही ताकद. पोलादाचा स्वाभाविक ताठपणा सगळ्या प्रकारांत जवळजवळ एकच असतो, सुमारे २०० गिगापास्कल. खिडकीच्या गजाचं पोलाद घ्या नाहीतर रेनॉल्ड्स कंपनीचं महागातलं ८५३ पोलाद घ्या. एकाच मापाच्या दोन नळ्या करून सारखं वजन टांगलं तर दोन्ही सारख्याच लवतील. वजन काढल्यावर फरक दिसेल: साध्या पोलादाची नळी वाकडी राहिलेली असू शकते, ८५३ ची सरळ होऊन बसलेली.

मग क्रोमोली, म्हणजे क्रोमियम आणि मॉलिब्डेनम घातलेल्या पोलादाला, पैसे मोजायचे कशासाठी? ताकदीसाठी. ४१३० या प्रसिद्ध क्रोमोलीत क्रोमियम जेमतेम एक टक्का आणि मॉलिब्डेनम पाव टक्क्याच्या आत असतं, पण तेवढ्यानेही ताकद वाढते. रेनॉल्ड्स ५२० हे याच जातीचं. त्याची ताण सोसण्याची मर्यादा ७०० ते ९०० मेगापास्कल. १९९५ मध्ये आलेल्या ८५३ ची १२५० च्या पुढे जाते, आणि त्याची खासियत अशी की वेल्डिंगनंतर हवेत थंड होताना सांध्याजवळचा भाग मऊ पडण्याऐवजी कडक होतो. ताकद जास्त, म्हणून भिंत पातळ करता येते. भिंत पातळ, म्हणून नळी थोडी जास्त लवते आणि हलकी होते. लवचिकपणा आला तो भिंतीच्या जाडीतून; पोलादाच्या नावाने फक्त ती जाडी कमी करायची मुभा दिली.

जाडीपेक्षाही व्यासाचा हात मोठा असतो. कळकाची काठी पोकळ असूनही ताठ असते, कारण काठी वाकताना ताण बाहेरच्या थरावर येतो, गाभ्याला फारसं काम नसतं. पातळ नळीचा ताठपणा व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, वजन मात्र व्यासाच्याच प्रमाणात. भिंत तीच ठेवून खालची नळी २८.६ ऐवजी ३४.९ मि.मी. केली तर वजन २२ टक्के वाढेल, ताठपणा ८० टक्के. अॅल्युमिनियमच्या फ्रेमच्या नळ्या गलेलठ्ठ दिसतात त्या याचमुळे. अॅल्युमिनियमची घनता पोलादाच्या साधारण एकतृतीयांश, पण ताठपणाही एकतृतीयांशच, मग तो व्यासातून भरून काढावा लागतो. पोलादात हे फार ताणता येत नाही. व्यास मोठा आणि भिंत पातळ करत गेलं की नळी शीतपेयाच्या डब्यासारखी होते. दगड उडून लागला तरी पोचा पडतो.

म्हणून फ्रेम घेताना मी स्टिकरच्या आधी नळ्यांची मापं विचारतो. स्टिकर खोटं बोलतं असं नाही, पण अर्धं बोलतं. ‘क्रोमोली’ लिहिलेल्या कित्येक स्वस्त फ्रेमवर फक्त तीन मुख्य नळ्या क्रोमोलीच्या असतात आणि मागचे दांडे साध्या पोलादाचे. वापरणाऱ्याचं वजनही बघावं लागतं. पंचावन्न किलोच्या मुलीला जी फ्रेम तरतरीत वाटते, तीच नव्वद किलोच्या माणसाखाली, वर कॅरिअरला दोन पिशव्या लावल्यावर, घाट उतरताना शेपूट हलवल्यासारखी डुलायला लागते. सामान घेऊन फिरणाऱ्याने सर्वात हलक्या फ्रेमच्या नादी लागू नये, हे माझं ठाम मत आहे.

आता तो वजनाचा प्रश्न. आजच्या हलक्या पोलादी हार्डटेल फ्रेमचं वजन दोन किलोच्या आसपास, सर्वसाधारण फ्रेमचं अडीच किलो किंवा त्याहून थोडं जास्त. हा अर्धा किलो आपल्या ओळखीच्या चढावर तोलू. सातारा शहरातून यवतेश्वर घाटाने कास पठारावर जाताना उंचीत साधारण पाचशे मीटरचा फरक पडतो. अर्धा किलो वस्तू पाचशे मीटर वर उचलायला लागणारी ऊर्जा म्हणजे ०.५ गुणिले ९.८ गुणिले ५००, सुमारे २४५० ज्यूल. बऱ्यापैकी सराव असलेला माणूस तासभर १५० वॅट सहज देतो. २४५० ला १५० ने भागा: सोळा सेकंद. दीड-दोन तासांच्या चढात सोळा सेकंद! यवतेश्वरला पाण्यासाठी थांबलो तर याच्या दसपट वेळ जातो. एवढ्यासाठी दुप्पट पैसे मोजण्याऐवजी तेच पैसे चांगल्या टायरला घाला.

टायरचं नाव मुद्दाम घेतलं, कारण लांब राइडमधला आराम मुख्यतः तिथून येतो. सायकलची फ्रेम म्हणजे त्रिकोणांची रचना. त्रिकोणावर उभं बळ आलं की त्याच्या भुजा वाकत नाहीत, त्या फक्त किंचित दाबल्या किंवा ओढल्या जातात, आणि नळी लांबीच्या दिशेने दाबणं महाकठीण. त्यामुळे कोणत्याही धातूची असो, अशी फ्रेम वरून खाली फारच थोडी लवते. सव्वादोन इंची टायर कमी हवेवर सेंटिमीटरभर दबतो. त्यापुढे फ्रेमचं लवणं किरकोळ. दुसरा नंबर सीटपोस्टचा, म्हणजे सीटखालच्या दांड्याचा. २७.२ मि.मी.ची बारीक सीटपोस्ट बरीच बाहेर काढलेली असेल तर ती मागे लवते आणि पाठीला जाणवणारे हादरे खरोखर कमी होतात. पोलादी फ्रेममध्ये बारीक सीट ट्यूब, म्हणजे सीटपोस्ट जिच्यात बसते ती नळी, सहज बसते, त्यामुळे ‘पोलाद मऊ चालतं’ या अनुभवात तिचाही वाटा असावा असं मला वाटतं. तेव्हा फ्रेम बघताना मागच्या दांड्यांमध्ये दोन बोटं घालून बघा: किती रुंद टायर चिखलासकट फिरेल? कासहून बामणोलीकडे उतरणारा रस्ता पावसाळ्यानंतर कसा होतो हे ज्यांनी पाहिलंय, त्यांना हे वेगळं सांगायला नको. (आणि राइड रस्त्यावरूनच. पठारावर जांभ्या खडकावर मातीचा थर इतका पातळ आहे की एका चाकोरीनेही फुलांची जागा कायमची जाऊ शकते.)

मापाबद्दल थोडक्यात. सीटची उंची जमवता येते, पण फ्रेमची लांबी जमवता येत नाही. आठ तास हात ताणून बसायला लागलं तर मान आणि मनगटं बोलायला लागतात. फ्रेम किती लांबीच्या फोर्कसाठी बनवली आहे ते विचारून घ्या. १२० मि.मी. दबणाऱ्या फोर्कच्या फ्रेमला १०० मि.मी. दबणारा बसवला तर हँडलचा कोन साधारण एक अंशाने उभा होतो, आणि उतारावर सायकल जास्त चळवळी वाटते. पेडलचा आस ज्या पोकळीत बसतो ती, म्हणजे बॉटम ब्रॅकेट, आट्यांची असेल तर उत्तम. दाबून बसवलेल्या बेअरिंगची कुरकुर शंभर किलोमीटर ऐकणं ही शिक्षा आहे.

एक प्रश्न हमखास येतो: जुन्या, नव्वदच्या दशकातल्या पोलादी फ्रेम आजच्यापेक्षा हलक्या कशा? तेव्हा ब्रेक रिमवर होते. डिस्क ब्रेक दाबला की सगळा जोर डाव्या बाजूच्या मागच्या दांड्यावर एका जागी येतो, तो दांडा दणकट करावा लागतो. पुढचे सस्पेन्शन फोर्कही लांब झाले, म्हणजे हेड ट्यूबच्या, फोर्क जिच्यात बसतो त्या पुढच्या नळीच्या, सांध्याला मोठी पहार लावल्यासारखं. त्यात २०१४ मध्ये आयएसओ ४२१० या सुरक्षेच्या मानकाची नवी आवृत्ती आली, तिच्यातल्या हजारो आवर्तनांच्या चाचण्यांना उतरायचं तर थोडं पोलाद वाढणारच. हे वाढलेलं वजन मला खटकत नाही.

पोलादाचा एक गुण मात्र अॅल्युमिनियमकडे नाही. ताण एका मर्यादेच्या आत असेल तर पोलाद तो कितीही वेळा सोसतं. ही मर्यादा ढोबळमानाने त्याच्या तुटण्याच्या ताणाच्या निम्मी. पेडलच्या मिनिटाला ऐंशी फेऱ्या धरल्या तर तासाला ४८०० वेळा फ्रेम थोडी लवते आणि सरळ होते. अॅल्युमिनियमला अशी सुरक्षित रेषा नाही, म्हणून तिथे आधीच भरपूर धातू घालून ताण खाली ठेवतात. तशी नीट बनवलेली अॅल्युमिनियमची फ्रेमही वर्षानुवर्षं टिकते. पण वीस वर्षांपूर्वीची पोलादी फ्रेम आजही भरवशाने घेता येते ती या गुणामुळे. अट एकच, आतून गंजलेली नसावी.

आणि साताऱ्याच्या पश्चिमेला पाऊस पोलादाची परीक्षाच बघतो. पाणी शिरतं ते सीटपोस्टच्या फटीतून, आणि बाहेर रंग शाबूत असताना आतली अर्ध्या मि.मी.ची भिंत खात राहतं. माझ्या आधीच्या फ्रेमची अॅल्युमिनियमची सीटपोस्ट तीन पावसाळे मी काढलीच नव्हती. दोन धातू आणि ओल यांची रासायनिक गाठ पडून ती अशी घट्ट बसली की शेवटी करवतीने कापून काढावी लागली. तेव्हापासून वर्षातून दोनदा ती काढून ग्रीस लावतो आणि नळ्यांत आतून जवसाचं तेल फिरवून निथळू देतो.

मित्राच्या त्या फ्रेमची सीटपोस्ट मात्र हाताने फिरवली आणि सुटली. मग आम्ही दोघांनी फ्रेम उचलून ओसरीवर उलटी धरली आणि हलवली. चहाच्या चमच्याभर पाणी फरशीवर पडलं. तांबूस नव्हतं, स्वच्छ होतं. बॅटरी लावून आत पाहिलं तर तळाशी राखाडी पोलाद दिसत होतं, खपली कुठेच नाही. त्याने त्याच संध्याकाळी पैसे देऊन टाकले.