अल्पसंख्य समुदायांचे मानसिक आरोग्य

धर्म, भाषा, वंश, वर्ण, स्थलांतर किंवा लैंगिक कल यांमुळे ज्यांच्या वाट्याला कमी सत्ता आणि जास्त संशय येतो, अशा समूहांच्या मनःस्वास्थ्याची जपणूक व त्यासाठीची मदत. येथे डोकी मोजून भागत नाही. वर्णभेदाच्या काळात दक्षिण आफ्रिकेतील कृष्णवर्णीय बहुसंख्य असूनही याच अवस्थेत होते.

अशा समूहांत नैराश्य, चिंताविकार किंवा आत्मघाताचे विचार जास्त आढळले, की त्याचे मूळ त्यांच्या स्वभावात किंवा चालीरीतींत शोधण्याची जुनी खोड आहे. इलान मेयर या संशोधकांनी 1995 मध्ये समलिंगी पुरुषांच्या अभ्यासातून आणि 2003 मध्ये अधिक विस्ताराने ‘अल्पसंख्यत्वाचा ताण’ ही वेगळी मांडणी केली. जगण्याचे ताण सर्वांनाच असतात. या लोकांना त्यांवर आणखी एक थर सोसावा लागतो. मारहाण, भाड्याने घर नाकारणे, नोकरीत डावलणे हे बाहेरून येते. अपमान होईल म्हणून सतत सावध राहणे, ओळख लपवणे, इतरांनी केलेली हेटाळणी स्वतःलाच खरी वाटू लागणे हे आत चालते. आतला भाग अधिक चिवट असतो, कारण त्या दिवशी कोणी काहीच बोलले नाही तरी तो थांबत नाही. आपल्या माणसांची सोबत हा ताण हलका करते, हेही याच मांडणीत आहे.

हे लोक उपचाराला येत नाहीत याचे खापर सहसा अज्ञानावर फोडले जाते. मनोविकाराची लाज सर्वच समाजांत आहे. पण येथील अविश्वासाला इतिहासही आहे. अमेरिकेत 1851 मध्ये सॅम्युएल कार्टराइट या डॉक्टरने गुलामांच्या पळून जाण्याच्या इच्छेलाच ‘ड्रेपेटोमेनिया’ नावाचा आजार ठरवले होते. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली ती 1973 मध्ये, तर जागतिक आरोग्य संघटनेने 1990 मध्ये. इंग्लंडमध्ये कृष्णवर्णीयांना कायद्याने सक्तीने मनोरुग्णालयात ठेवण्याचे प्रमाण आजही गोऱ्यांच्या तिपटीहून अधिक आहे. हे ठाऊक असलेला माणूस दवाखान्याच्या दारात घुटमळला, तर त्याला अडाणी म्हणणे अन्यायाचे आहे.

मदत कशी असावी याबद्दल सर्वांत विचार करायला लावणारा पुरावा कॅनडातून येतो. मायकेल चँडलर आणि ख्रिस्तोफर लालोंद यांनी ब्रिटिश कोलंबियातील मूलनिवासी समुदायांतील तरुणांच्या आत्महत्या अभ्यासल्या (1998). काही समुदायांत हे प्रमाण राष्ट्रीय सरासरीच्या कितीतरी पट होते, तर अनेकांत अभ्यासकाळात एकही आत्महत्या झालेली नव्हती. स्वशासन, जमिनीच्या हक्कांचा लढा, शिक्षण, आरोग्यसेवा, सांस्कृतिक केंद्र आणि पोलीस-अग्निशमन सेवा या सहा बाबी त्यांनी तपासल्या. जितक्या जास्त बाबी समुदायाच्या स्वतःच्या हाती, तितक्या आत्महत्या कमी. सहाही असतील तेथे एकही नाही. एवढ्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. तरीही मनःस्वास्थ्याचा धागा समुदायाच्या आपल्या कारभारावरील अधिकाराशी जुळलेला दिसतो, आणि केवळ समुपदेशक पाठवून हे काम होईल असे मानणाऱ्या योजनांनी तो गंभीरपणे घ्यायला हवा.

दवाखान्यातही बरेच करता येते. प्रशिक्षित दुभाषी ही चैन नव्हे. आईच्या आत्महत्येच्या विचारांचे भाषांतर तिच्या लेकराला करायला लावणे दोघांवरही क्रूर आहे, आणि त्यात महत्त्वाचे गाळलेही जाते. अनेक जण दुःख अंगदुखी, धडधड किंवा निद्रानाश अशा रूपात सांगतात. ते ऐकणाऱ्याला ओळखता यावे लागते. 2013 मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या निदानसंहितेने, म्हणजे मनोविकार ओळखण्याच्या तिच्या ग्रंथाने, यासाठी 16 प्रश्नांची सांस्कृतिक मुलाखत दिली. तुमच्या मते हा त्रास कशामुळे होतो, घरचे त्याला काय म्हणतात, याआधी कोणाकडे गेलात, अशा स्वरूपाचे ते प्रश्न आहेत.

उपचारक आपल्याच समाजाचा असावा, असे पुष्कळांना वाटते. मात्र अनेक अभ्यास एकत्र पाहता त्यामुळे उपचाराच्या परिणामात सरासरी फारसा फरक पडत नाही. लहान समुदायात तर उलटी अडचण येते. दुभाषी किंवा समुपदेशक नात्यातला, निदान ओळखीचा निघतो आणि गोष्ट बाहेर फुटण्याची भीती बोलूच देत नाही. म्हणून आपला माणूस हवा की परका, हे पहिल्याच भेटीत, इतर कोणी जवळ नसताना, मदत मागणाऱ्याला विचारावे.