गेमिंगचं व्यसन तासांवर ठरत नाही

“दिवसाला दोन तासांपेक्षा जास्त व्हिडिओ गेम खेळणाऱ्याला व्यसन लागलंच समजा,” असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. त्यामागची काळजी रास्त आहे, आकड्याला मात्र आधार नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणा’ची 11वी आवृत्ती 2022 पासून लागू आहे. तिच्यात गेमिंगच्या विकाराची व्याख्या आहे, पण तासांची मर्यादा नाही. बघितलं जातं ते असं: खेळण्यावरचा ताबा सुटलाय का, बाकीच्या आवडी आणि रोजची कामं मागे पडलीत का, नुकसान दिसत असूनही खेळणं सुरूच आहे का. अभ्यास, नोकरी किंवा नात्यांवर ठळक परिणाम हवा, आणि हे सगळं साधारण 12 महिने चाललेलं हवं. लक्षणं तीव्र असतील तर निदान आधीही होतं.

म्हणजे सुट्टीत चार तास खेळून वेळेवर झोपणारा यात बसत नाही. पांघरुणाखाली ब्राइटनेस कमी करून खेळणारा आणि विचारलं की लपवणारा, तास कमी भरले तरी, जास्त काळजीचा.

पडताळायचं तर दोन आठवडे नोंद ठेवा: झोप किती झाली, जेवण वेळेवर झालं का, ठरवल्या वेळी थांबता आलं का. शेवटचा प्रश्न सगळ्यात बोलका. पण ऑनलाइन मॅच मध्येच पॉज होत नाही, त्यामुळे “आत्ताच्या आत्ता ठेव” म्हटल्यावर होणारी चिडचिड पुरावा धरू नका. “ही मॅच संपली की बंद” असं ठरवून बघा. तरीही मॅचमागून मॅच सुरूच राहिली, झोप आणि कामं बुडत गेली, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा.

डोळे कोरडे पडणं, मान अवघडणं हा वेगळा विषय. तिथे तास मोजावेच लागतात.