नाल्याकाठचा प्लॉट: मार्जिनमध्ये सूट कुठे मागावी, कुठे मागू नये
ग्राहकांसाठी माहितीपत्रक, नागपूर

नाल्याला लागून प्लॉट असला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, नाल्याकडचे मार्जिन, म्हणजे बांधकाम न करता मोकळे सोडायचे अंतर, कमी करून मिळेल का? आमचा सल्ला असा की ती सूट मागूच नका. मागायची तर दुसऱ्या बाजूला मागा.

डिसेंबर २०२० पासून लागू असलेल्या युडीसीपीआरच्या (राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीच्या) दुसऱ्या प्रकरणात परवानगी देणाऱ्या प्राधिकरणाला विशेष लेखी परवानगीने मापांत सूट देण्याचा अधिकार आहे. त्यासाठी अडचण खरी आणि कागदावर दाखवता येण्याजोगी लागते. शिवाय आरोग्य, आगीपासूनची सुरक्षा, इमारतीची मजबुती आणि सार्वजनिक सुरक्षितता यांना बाधा येता कामा नये. नाल्यापासूनचे अंतर सुरक्षिततेसाठीच ठेवलेले असल्याने अर्ज तिथेच अडकतो. एफएसआय (प्लॉटच्या प्रमाणात किती बांधकाम करता येते ते), पार्किंग आणि रस्त्याकडचे अंतर यांतही या अधिकारात सूट मिळत नाही. म्हणजे उरते ते शेजाऱ्याकडचे मार्जिन. नाला मागे असेल तर प्लॉटच्या लांबीत गेलेली जागा रुंदीत थोडी भरून काढता येते. नाला बाजूला असेल तर घर विरुद्ध बाजूला सरकवता येते. पाण्यापासून दूर जाणारा नकाशा पटवून देणे सोपे असते. मंजुरी मिळाल्यास प्रीमियम, म्हणजे सवलतीचे शुल्क, भरावा लागतो, तो बजेटमध्ये आधीच धरा.

पण सूट मागण्याआधी मोजणी करून घ्या, कारण निम्मा प्रश्न तिथेच सुटू शकतो. अंतर तुमच्या कुंपणापासून मोजत नाहीत, पाण्याच्या काठापासून मोजतात. ३० बाय ५० फुटांचा, म्हणजे ९.१४ बाय १५.२४ मीटरचा प्लॉट घ्या. समोर ३ मीटर सोडले, मागे नाल्यासाठी उदाहरणादाखल ६ मीटर धरले आणि काठ थेट हद्दीवर असला, तर बांधकामाला पुढून मागे ६.२४ मीटर जागा उरते. तोच काठ हद्दीपलीकडे १.५ मीटरवर निघाला तर ७.७४ मीटर मिळते. एका स्वयंपाकघराइतका हा फरक आहे. मेमध्ये नाला आटलेला असताना पाण्याची रेघ पाहून काठ ठरवू नका, ती पावसाळ्यात टिकत नाही. भूमी अभिलेख कार्यालयाकडून हद्दीची मोजणी करून क-प्रत (मोजणीचा अधिकृत नकाशा) घ्या आणि त्याच नकाशावर दोन्ही काठ व तळाची पातळी टाकून घ्या.

नदीसाठी १५ मीटर धरून चाला. नाग, पिवळी, पोहरा यांच्या जवळ असाल तर पूररेषाही तपासाव्या लागतात. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतल्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नवे घर नाही. निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये बांधता येते, पण लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर उंचावर. रहिवासी झोनमधल्या प्लॉटचा काही भाग या रेषांत गेला तरी त्याचा एफएसआय उरलेल्या जागेवर वापरण्याची मुभा मिळू शकते. हे माहीत नसल्याने अनेक जण उगाच घाबरून प्लॉट स्वस्तात विकतात.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीत घराघरांत पाणी शिरले. तुमच्या भागात भिंतीवर तेव्हाची खूण शिल्लक असेल तर रस्त्याच्या मध्यापासून तिची उंची मोजून ठेवा. जोत्याची उंची ठरवताना तिचा उपयोग होतो.

अर्ज परवानाधारक वास्तुविशारद किंवा अभियंत्यामार्फत ऑनलाइन जातो. सोबत सातबारा किंवा आखीव पत्रिका, विक्रीपत्र, लेआउटची मंजूर प्रत, क-प्रत, पातळ्यांचा नकाशा आणि अडचण सांगणारे पत्र द्या. ‘जागा कमी पडते’ एवढ्याने भागत नाही, नियमाप्रमाणे किती मीटर उरतात आणि त्यात कोणती खोली बसत नाही ते मापांसह लिहा. विक्रीपत्रातली चतुःसीमा नीट वाचा. नाल्याच्या जागी नुसते ‘सरकारी जमीन’ लिहिलेले असेल तर त्रुटी निघू शकते. एनआयटीच्या (नागपूर सुधार प्रन्यासच्या) ५७२ किंवा १९०० लेआउटमधल्यांनी एक लक्षात घ्यावे, नियमितीकरणाचे आरएल पत्र हातात असले तरी नाल्यापासूनचे अंतर सुटत नाही. आणि पातळ्यांच्या नकाशावरचे ‘आरएल’ म्हणजे उंची, ते पत्र नव्हे.

सगळ्यात जास्त नुकसान मुरुमाच्या भरावाने होते. मार्जिनमध्ये भराव टाकून कंपाउंड वॉल पुढे सरकवली की नाला अरुंद होतो आणि पाणी समोरच्या काठावर चढते. खालची काळी माती भिजली की फुगते, सुकली की आकसते आणि त्याने भिंतीला तडे जातात. सेप्टिक टँक आणि जिनाही त्या पट्ट्यात ठेवू नका. सखल जागेत काठ स्पष्ट नसलेला लहान ओहोळ असेल तर त्याला वळण देण्याची परवानगी मागता येते, मात्र पाणी प्लॉटमध्ये जिथून शिरते आणि जिथून बाहेर पडते त्या दोन जागा बदलता येत नाहीत.

परवानगी नाकारली, किंवा अट मान्य नसली, तर एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायद्याच्या कलम ४७ खाली शासनाकडे अपील करता येते. मुदत आदेश कळल्यापासून ४० दिवसांची आहे, म्हणून पत्र मिळाल्याची तारीख पाकिटासह जपून ठेवा.