हीटमॅपची गटवारी

संकेतस्थळावर आलेल्या लोकांनी पानावर कुठे क्लिक केले, कुठवर स्क्रोल केले, माउस कुठे फिरवला याची नोंद सरसकट एकाच रंगचित्रात न दाखवता, ती माणसे कोणत्या उपकरणावर, कुठून आणि पहिल्यांदा की पुन्हा आली त्यानुसार वेगवेगळी करून पाहण्याची पद्धत. या धंद्यातले लोक याला ‘सेगमेंट लावणे’ किंवा नुसतेच ‘फिल्टर लावणे’ म्हणतात.

हीटमॅपचा उष्णतेशी काही संबंध नाही. आकड्याच्या जागी रंग भरायचा, जास्त तिथे तांबडा, कमी तिथे निळा, एवढेच. ही युक्ती संगणकाहून जुनी आहे: १८७३ मध्ये तुसाँ लुआ यांनी पॅरिसच्या २० विभागांची लोकसंख्याविषयक माहिती छटांच्या तक्त्यात मांडली होती. नाव मात्र १९९०च्या दशकातले. शेअर बाजाराची स्थिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी कॉर्मॅक किनी यांनी ते व्यापारचिन्ह म्हणून घेतले. वेबच्या जगात हीटमॅप गाजला तो नजरेचा माग काढणाऱ्या प्रयोगांमुळे. संकेतस्थळे वापरायला किती सोपी आहेत याचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००६ मध्ये २३२ जणांच्या नजरेचा अभ्यास प्रसिद्ध केला. लोक वेबपान साधारण इंग्रजी ‘एफ’ अक्षराच्या आकारात चाळतात, हे त्यातले निरीक्षण. डिझायनर मंडळींनी त्याचा पाहता पाहता नियम करून टाकला. अनेकांच्या नजरा एकावर एक रचल्यावर दिसलेला आकार प्रत्येकाच्या माथी मारला गेला, आणि चाळण्याच्या अनेक तऱ्हांपैकी ही केवळ एक तऱ्हा आहे असा खुलासा २०१७ मध्ये नील्सन यांच्याच संस्थेने केला. गटवारीची गरज पडते ती नेमकी इथे.

नोंद घेण्यासाठी पानात जावास्क्रिप्टचा, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणाऱ्या प्रोग्रॅमचा, छोटा तुकडा बसवतात. क्लिक कोणत्या घटकावर पडला, कोणत्या बिंदूवर पडला, स्क्रीन किती रुंद होता, आधी कोणते पान उघडे होते, हे सगळे तो पाठवतो. ही जोडमाहिती असते म्हणून मागाहून चाळणी लावता येते. क्रेझी एग या हीटमॅप काढणाऱ्या सेवेच्या ‘कॉन्फेटी’ अहवालात प्रत्येक क्लिक सुटा ठिपका म्हणून दिसतो आणि माणूस कुठून आला ते ठिपक्याचा रंग सांगतो. हॉटजार (२०१४) आणि मायक्रोसॉफ्टचे फुकट मिळणारे क्लॅरिटी (२०२०) यांतही असे फिल्टर आहेत. फॉर्ममध्ये भरलेला मजकूर झाकूनच नोंद घ्यायची असते. युरोपात २०१८ पासून लागू असलेला जीडीपीआर हा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आणि भारताचा २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, दोन्हींचा भर संमतीवर आहे.

पहिली वाटणी उपकरणाची, आणि ती टाळून चालतच नाही. समजा, फराळ विकणाऱ्या एका दुकानाच्या पानाला १,००० भेटी मिळाल्या. २०० संगणकावरून, ८०० मोबाइलवरून. ‘घरपोच मागवा’ हे बटण संगणकावर उजव्या रकान्यात, चकलीच्या फोटोला लागूनच आहे. तिथे ६० क्लिक आले, म्हणजे ३० टक्के. मोबाइलवर रकाने एकाखाली एक येतात, त्यामुळे तेच बटण साहित्य, वजने आणि पाच फोटो ओलांडल्यावर दिसते. तिथे १६ क्लिक, म्हणजे २ टक्के. एकत्रित आकडा ७.६ टक्के. असा ७.६ टक्क्यांचा गिऱ्हाईक दोन्हीकडे कुठेच नाही, पण बैठकीत चर्चा त्याच्याबद्दलच होते! मोबाइलचा स्क्रोल नकाशा वेगळा काढला की बटणाच्या बऱ्याच वर रंग निळा पडलेला दिसतो आणि दुखणे बटणाच्या रंगात नसून जागेत आहे हे कळते.

त्यानंतर नवे आणि जुने गिऱ्हाईक वेगळे करतात. जुना माणूस वर्णन वाचत नाही, थेट ऑर्डरकडे जातो. त्याला सरासरीत धरले तर वर्णन निरुपयोगी वाटू लागते. खरेदी केलेले आणि न केलेले ही वाटणी सर्वांत मोहात पाडणारी आणि तितकीच फसवी. खरेदी करणाऱ्यांनी परतीच्या अटी उघडून वाचल्या, म्हणून अटी वाचल्याने खरेदी वाढते असे ठरत नाही. घ्यायचेच ठरवून आलेला माणूस अटीही वाचतो. त्यापेक्षा एकाच जागी वैतागून पुन्हा पुन्हा केलेले क्लिक किंवा काहीच न घडणारे क्लिक ज्या भेटींत आहेत, तेवढ्याच गाळून पाहणे अधिक कामाचे. दुवा नसलेल्या फोटोवर मोबाइलवाल्यांची बोटे कशी आपटत आहेत ते लगेच दिसते.

किती बारीक वाटायचे, यावर अनुभवी लोकही चुकतात. हीटमॅपचा रंग सहसा सापेक्ष असतो: त्या गटातली सर्वाधिक क्लिकची जागा तांबडी. वरचे १६ क्लिक पहिल्यांदा आलेले, जाहिरातीवरून आलेले, पुण्याचे असे चाळत गेलो तर ५ क्लिकांचा डागही ६० क्लिकांच्या डागाइतकाच लालबुंद दिसतो. म्हणून रंगाआधी त्या गटात एकूण भेटी किती, तो आकडा पाहावा.

स्रोतानुसार केलेली वाटणी भारतात विशेष सांभाळून वाचावी लागते. व्हॉट्सॲपवरून उघडलेल्या दुव्यामागे बहुधा आधीच्या पानाची माहितीच नसते, त्यामुळे तो माणूस ‘थेट आलेला’ गणला जातो. त्यावर उपाय म्हणून दुव्याच्या शेपटाला यूटीएम खुणा, म्हणजे माणूस कुठून आला ते सांगणारे शब्द, लावतात. (यूटीएममधला ‘यू’ अर्चिन (Urchin) कंपनीचा, ती २००५ मध्ये गूगलने विकत घेतली.) पण फेसबुकच्या जाहिरातीवर कुणी टिचकी मारतो, पान आवडले म्हणून पत्त्याच्या पट्टीतला दुवा शेपटासकट उचलतो आणि घरच्या ग्रुपवर टाकतो. मग तिथून आलेले काका, मावशी, आत्या सगळे अहवालात जाहिरातीचे यश म्हणून उभे राहतात.