जुन्या इलेक्ट्रिक गिटारी : संग्रह व मूल्यमापन (कोकण किनारा)

साधारण १९५० ते १९७० या काळातल्या, मूळ अवस्थेत टिकलेल्या इलेक्ट्रिक गिटारी जमवणे, त्यांचे वय ठरवणे आणि भाव करणे. सर्वाधिक मान अमेरिकन फेंडर आणि गिब्सनला. जानेवारी १९६५ मध्ये फेंडर कंपनी सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीने घेतली. त्याआधीच्या गिटारींचा भाव बराच चढा. गिब्सनची १९५८ ते १९६० मधली सनबर्स्ट (मध्ये पिवळसर, कडेला गडद रंगाची) लेस पॉल तेव्हा फारशी खपली नाही म्हणून १९६१ मध्ये तिचा घाटच बदलला. आज तीच सनबर्स्ट लाखो डॉलरना जाते.

वसईपासून गोव्यापर्यंत ही वाद्ये लग्नातले बँड, तियात्र (गोव्याचे कोंकणी संगीतनाट्य) आणि उत्सवातले ऑर्केस्ट्रा यांतून रुळली. १९९१ पूर्वी आयातीवर कडक निर्बंध होते. परदेशी गिटार यायची ती बहुधा बोटीवरच्या माणसाच्या सामानातून, पावतीशिवाय. त्यामुळे घरच्यांनी सांगितलेल्या सालापेक्षा वाद्य उघडून पाहणे बरे. फेंडरची मान (तारा दाबायचा लांब दांडा) सोडवली की बुडाशी बहुधा तारीख असते. आवाज कमीजास्त करणाऱ्या पॉटवरही आकडा असतो. १३७६६२३ म्हणजे सीटीएस कंपनी (१३७), १९६६ साल, २३वा आठवडा. गिटार त्याआधीची नाही, एवढेच यातून कळते; फेंडरने १९६६ मध्ये पॉट इतके घेऊन ठेवले, की ते पुढे काही वर्षे पुरले. पॉट मागाहून बदललेला नाही ना, हे कळायला त्यावरचा डाख मूळचा आहे ना, हेही पाहावे.

किमतीला सर्वांत मोठा फटका नव्या रंगाचा : पुन्हा रंगवलेली गिटार साधारण निम्म्यावर येते. जुन्या नायट्रोसेल्युलोज लॅकरचे (त्या काळच्या चकचकीत लेपाचे) बारीक तडे मात्र दोष धरत नाहीत. कोकणात खरी पंचाईत खाऱ्या हवेची. निकेलचा मुलामा फुटतो, स्क्रू गंजतात, पावसाळ्यात मान वाकते. मग मालक हौसेने चकचकीत नवे भाग बसवतो आणि किंमत घालवतो.

मानेवर बोटे दाबतात त्या पट्टीचे लाकूडही पाहतात. ब्राझीलचे रोझवूड १९९२ पासून साइट्स या दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात असल्याने ते लावलेली गिटार परदेशी विकायला परवाना लागतो. साठच्या दशकाच्या मध्यापासून त्याच्या जागी भारतीय रोझवूड, म्हणजे सह्याद्रीतही वाढणारे शिसव, आले. संग्राहक त्याला कमी लेखतात. शिसवी झोपाळ्यावर वाढलेल्या माणसाला हे पटणे कठीणच.

काढलेला मूळ भाग गंजका असला तरी केसमध्येच ठेवावा. विकताना त्याचेही पैसे येतात.