सोमवारची संध्याकाळ आणि सोळावं वर्ष

अमेरिकेतल्या युटा राज्यात, प्रोव्हो किंवा ओरेममध्ये वाढलेल्या मॉर्मन (एका ख्रिस्ती पंथातल्या) मुलीला पहिली डेट कधी, असं विचारलं तर उत्तर बहुधा एका आकड्यात मिळतं: सोळा. त्याआधी नाही. सोळानंतरही सुरुवातीला दोन-तीन जोड्यांनी मिळून जायचं, एकाच मुलाबरोबर सारखं दिसायचं नाही, कुठला सिनेमा पाहणार ते घरी सांगायचं. आणि सोमवारची संध्याकाळ घरच्यांची. बाहेरून बघणाऱ्याला हे निव्वळ सोवळं वाटतं. मलाही तसंच वाटायचं. पण या रीतींच्या मुळाशी गेलं की तिथे नाचाचे हॉल भेटतात, टीव्हीचा शोध भेटतो आणि लग्नावरून झालेली मोठी बदनामीही भेटते.

बदनामी सगळ्यात जुनी. जोसेफ स्मिथ यांनी ६ एप्रिल १८३० रोजी न्यूयॉर्क राज्यात मॉर्मनांचं हे चर्च स्थापन केलं. १८४४मध्ये इलिनॉयमधल्या कार्थेजच्या तुरुंगात जमावाने त्यांना ठार मारलं. ब्रिगॅम यंग आपल्या लोकांना घेऊन पश्चिमेकडे निघाले आणि जुलै १८४७मध्ये आजच्या युटातल्या सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचले. पाच वर्षांनी, १८५२च्या ऑगस्टमध्ये, तिथल्या परिषदेत बहुपत्नीत्व हा आपल्या धर्माचा भाग असल्याचं चर्चने उघडपणे जाहीर केलं. त्याच परिषदेतून धर्मप्रचारक जगभर पाठवले गेले, काही हिंदुस्थानकडेही. ह्यू फिंडले हे प्रचारक त्याच वर्षी मुंबईत उतरले होते, पुढे ते पुण्यातही गेले. बहुपत्नीत्वाची बातमी मागोमाग आली आणि इथल्या प्रचारकांना तिच्यावरून प्रश्नांना तोंड द्यावं लागलं.

अमेरिकेत तर पुढची चाळीस वर्षं मॉर्मन म्हणजे अनेक बायकांचा नवरा, एवढंच चित्र व्यंगचित्रांतून आणि व्याख्यानांतून फिरत राहिलं. १८८७च्या कायद्याने सरकारला चर्चची मालमत्ता जप्त करता आली. १८९०मध्ये चर्चचे अध्यक्ष विल्फर्ड वुड्रफ यांनी जाहीरनामा काढून अशी लग्नं थांबवण्याचा सल्ला दिला, आणि १८९६मध्ये युटाला राज्याचा दर्जा मिळाला. आज बहुपत्नीत्व करणाऱ्याला हे चर्च सभासदत्वातून काढतं. ती प्रथा धरून बसलेले गट वेगळे आहेत, पण टीव्हीवर दोघांची सरमिसळ अजून होते.

माझ्या मते बाकीचं सगळं इथून समजायला लागतं. ज्या समाजाचं लग्न एवढं चव्हाट्यावर आलं, त्याने पुढे लग्नाकडे नेणारी वाट फार जपली. शिवाय त्यांच्या श्रद्धेत लग्न मृत्यूपाशी संपत नाही. मंदिरात होणाऱ्या विधीला ते सीलिंग म्हणतात, आणि त्याने नवरा-बायको अनंतकाळासाठी जोडले जातात. परलोकातल्या सर्वोच्च स्थानासाठीही हा विधी लागतो. तेव्हा डेट म्हणजे नुसता वेळ घालवणं, असं तिथल्या मुलाला कुणी शिकवत नाही.

पण म्हणून करमणूक वर्ज्य, असं मात्र कधीच नव्हतं. त्या काळातल्या अनेक प्रोटेस्टंट पंथांना नाच आणि नाटक म्हणजे पाप वाटायचं. मॉर्मन वसाहतींत प्रार्थनेने सुरुवात करून नाच चालायचा. वाळवंटातल्या त्या गावात १८६२मध्येच सॉल्ट लेक थिएटर उघडलं. मुलींसाठी १८६९मध्ये आणि मुलांसाठी १८७५मध्ये ज्या संघटना निघाल्या, त्यांच्यातून ‘म्युच्युअल’ ही आठवड्याची सभा घडत गेली. नाटकं, गाणी, भाषणं, नाच, सगळं तिथे व्हायचं. तरुण मुलं-मुली एकमेकांना भेटायची ती अशी, वडीलधाऱ्यांच्या नजरेसमोर आणि तरीही मोकळेपणाने. समाजाने करमणुकीकडे पाठ फिरवली नाही, तिची जागा स्वतः बांधली. टीव्ही आला तेव्हाही त्यांनी हेच केलं.

आणि टीव्ही तर त्यांच्याच मुलाच्या डोक्यातून निघाला. फायलो फार्न्सवर्थ १९०६मध्ये युटातल्या बीव्हरजवळ एका मॉर्मन कुटुंबात जन्मला. आयडाहोतल्या रिग्बी इथे शाळेत असताना त्याने रसायनशास्त्राच्या शिक्षकांना फळ्यावर आकृत्या काढून दाखवलं, की चित्राच्या ओळी पाडून ते विजेने कसं पाठवता येईल. नांगरलेल्या शेतातल्या सरी पाहून ते सुचलं, असं घरचे सांगत. ७ सप्टेंबर १९२७ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत त्याने पूर्णपणे इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पहिलं चित्र पाठवलं: एक साधी रेघ. तो एकवीस वर्षांचा होता. आरसीए कंपनीशी पेटंटचा वाद झाला तेव्हा त्याच शिक्षकांची साक्ष कामी आली. बायको पेम प्रयोगशाळेत बरोबरीने राबली. १९२९मध्ये तिचा चेहरा प्रक्षेपित झाला, प्रखर दिव्यांमुळे डोळे मिटलेला. टीव्हीवर आलेल्या पहिल्या माणसांपैकी ती एक.

चर्चचं स्वतःचं रेडिओ केंद्र १९२२पासून होतं. तिथूनच १९२९मध्ये सुरू झालेला गायनवृंदाचा साप्ताहिक कार्यक्रम आजही चालू आहे. चर्चचंच टीव्ही केंद्र केएसएल १९४९मध्ये सुरू झालं आणि त्याच ऑक्टोबरात चर्चची सर्वसाधारण परिषद पडद्यावर दिसली. घराघरात सोफ्यावर बसून परिषद पाहण्याची रीत तेव्हापासूनची. म्हणजे तिथल्या मुलाला टीव्हीवर पहिल्यांदा कळतं ते कदाचित प्रवचन असतं. हेच केंद्र नंतर एनबीसी या देशव्यापी वाहिनीशी जोडलं गेलं, आणि २०११मध्ये त्याने ‘द प्लेबॉय क्लब’ ही मालिका दाखवायला नकार दिला.

मधल्या काळात ऑसमंड ही गाणारी मॉर्मन भावंडं आली. १९७६च्या जानेवारीत एबीसी वाहिनीवर त्यांच्यातल्या डॉनी आणि मेरी यांचा कार्यक्रम सुरू झाला तेव्हा तो अठरा वर्षांचा होता आणि ती सोळा. देशाने मॉर्मन तरुणांना व्यंगचित्राबाहेर पाहिलं. भाऊ-बहीण गात होते, त्यामुळे प्रेमप्रकरणाचा प्रश्नच आला नाही. पुढे हा कार्यक्रम ओरेममधल्या त्यांच्या स्वतःच्या स्टुडिओतून होऊ लागला.

सोमवारची गोष्टही याच काळातली. आठवड्यातली एक संध्याकाळ कुटुंबाने एकत्र घालवावी, हे आवाहन जोसेफ एफ. स्मिथ यांनी १९१५मध्ये केलं होतं. टीव्ही घराघरात पोचल्यावर त्याला नवा अर्थ आला. १९६५मध्ये त्यासाठी पाठपुस्तिका निघाली, १९७०मध्ये सोमवार ठरला. १९६५मध्येच तरुणांसाठी पेहराव, नाच, डेटिंग यांवरची ‘फॉर द स्ट्रेंग्थ ऑफ यूथ’ ही पुस्तिकाही आली. हिच्या पुढच्या आवृत्त्यांत सोळाचा आकडा पक्का बसला.

सिनेमाचा नियम एका अक्षरावर आला. १९८६च्या एप्रिलमध्ये अध्यक्ष एझ्रा टाफ्ट बेन्सन यांनी मुलांना आर प्रमाणपत्राचे, म्हणजे मोठ्यांसाठीचे सिनेमे पाहू नका, असं स्पष्ट सांगितलं, आणि कित्येक घरांत ते ब्रह्मवाक्य झालं. पुढे २००१ आणि २०११च्या पुस्तिकांत ते अक्षर नाही. जगभर पसरलेल्या चर्चमध्ये ते असूनही काय उपयोग? अमेरिकी प्रमाणपत्र ब्राझील किंवा भारतातल्या सभासदाला लागू पडत नाही. पण युटात त्या अक्षराभोवती एक धंदाच उभा राहिला: शिव्या आणि उघडी दृश्यं कापून सिनेमा देणाऱ्या कंपन्या. असे कापलेले सिनेमे विकण्याला २००६मध्ये न्यायालयाने मनाई केली. अशाच एका कंपनीवर, प्रोव्होच्या विडएंजलवर, डिस्नी आणि वॉर्नर यांनी खटला भरला आणि २०१९मध्ये ज्यूरीने ६ कोटी २४ लाख डॉलर भरपाई ठरवली. नंतर बऱ्याच कमी रकमेवर तडजोड झाली. आपल्या मुलांना चांगली गोष्ट दाखवायची, पण तिच्यातलं काही गाळून, ही आईबापांची धडपड मला मनापासून कळते. गोष्ट रचणाऱ्याचा हक्कही तितकाच खरा आहे.

डेटिंगची तक्रार मात्र काळाबरोबर उलटी झाली. आधी काळजी होती, मुलं फार लवकर जोड्या जमवतात. २००५च्या मे महिन्यात डॅलिन ओक्स, जे २०२५मध्ये चर्चचे अध्यक्ष झाले, तरुणांना म्हणाले की तुम्ही डेटवर जातच नाही, नुसते घोळक्याने बसता. डेट आधी ठरवलेली हवी, तिचा खर्च कुणीतरी केलेला हवा आणि ती दोघांची हवी, ही त्यांची व्याख्या अजून विद्यार्थ्यांच्या तोंडी असते. मोठा बदल ऑक्टोबर २०१२मध्ये झाला. मिशनवर, म्हणजे घर सोडून धर्मप्रचाराला, जाण्याचं वय मुलांसाठी १९वरून १८ आणि मुलींसाठी २१वरून १९ झालं. मुलगे दोन वर्षं जातात, मुली दीड. त्या काळात डेटिंग नाही, टीव्ही नाही. पूर्वी एकविसाव्या वर्षापर्यंत अनेक मुलींची लग्नं झालेली असायची. आता त्याआधीच त्या मोठ्या संख्येने मिशनवर निघाल्या, आणि लग्नाचा विचार परत आल्यावर. दोघांनीही दारोदार फिरून नकार पचवलेले असतात. अशा दोन माणसांचं पहिलं बोलणं वेगळंच होत असणार. २०१६मध्ये त्यांच्यासाठी डेटिंग ॲपही निघालं. नाव तेच जुनं, म्युच्युअल.

आता पडद्यावरची लढाई समाजातल्याच लोकांनी सुरू केली आहे. २०२४च्या सप्टेंबरमध्ये हुलू या स्ट्रीमिंग सेवेवर मॉर्मन बायकांच्या खासगी आयुष्यावरची रिअॅलिटी मालिका आली. तिच्यातल्या बायका टिकटॉकवर आधीच प्रसिद्ध होत्या. त्याआधीच्या महिन्यात चर्चने निवेदन काढून सांगितलं होतं, की काही कार्यक्रम प्रामाणिक असतात, पण काही ठोकळेबाज आणि विपर्यस्त चित्र उभं करतात. एकशे सत्तर वर्षांपूर्वीचंच दुखणं. मुळात मॉर्मन हे नावही नको, चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स हे पूर्ण नाव घ्या, असं तेव्हाचे अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी २०१८मध्ये सांगितलं होतं. मी इथे वापरतो ते वाचकाला ओळखू यावं म्हणून.

तरुणांसाठीची पुस्तिकाही बदलली. २०२२च्या आवृत्तीतून याद्या गेल्या आणि तत्त्वं आली. सोळा हे वय सल्ला म्हणून राहिलं, आणि वेगवेगळ्या संस्कृतींत तरुणांच्या ओळखी वेगळ्या रीतीने होतात, हेही तिथे लिहिलं आहे. सोमवारची ती कौटुंबिक सभा आता कुटुंबाने सोयीच्या दिवशी घ्यावी, असं चर्च सांगतं. सोमवार मात्र इतर सभांपासून मोकळा ठेवतात. घरापासून लांब प्रोव्होत शिकणारी मुलं-मुली त्या संध्याकाळी गट करून एकत्र जमत आली आहेत, जणू एक घरच. तिथे प्रार्थना होते, खेळ होतात, काहीतरी गोडधोड खाल्लं जातं. पुष्कळ जोड्यांची पहिली ओळख झाली ती अशाच एखाद्या सोमवारी.